माझे दोन मिलिमीटर

मी बांबूची पट्टी बोलतेय. लांबी वीस सेंटिमीटर, असं माझ्या अंगावर लिहिलंय. सगळी भानगड तिथूनच सुरू होते, कारण मी वीस सेंटिमीटर नाही. पण ते ओघाने येईलच.

तैवानच्या डोंगरातल्या एका गावात, जिथे घरोघर बांबूचंच काम चालतं, तिथला माझा जन्म. एका म्हाताऱ्या कारागिराने मला चिरलं, उकळलं, वाळवलं, तासून गुळगुळीत केलं आणि अंगावर काळ्या रेघा ओढल्या. माझा शून्य त्याने अगदी कडेला ठेवला, म्हणजे जिथे माझं टोक, तिथेच शून्य. उगाच अर्धा सेंटिमीटर बांबू वाया का घालवा, असा हिशेब असणार त्याचा. बिचाऱ्याला काय माहीत मी कुणाच्या हाती पडणार ते!

मला विकत घेतलं चुआ बिंग यांनी. ते थायनानकडचे, होउबी गावचे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. "माझ्या काट्यावर कुणाचा किलोभर ऊस इकडचा तिकडे झाला नाही," हे वाक्य ते दर चहाला एकदा ऐकवायचे. ऐकणारे मान डोलवायचे, कारण ते खरंच होतं. नोकरी संपल्यावर ते गावच्या ऑर्किड मंडळाचे परीक्षक झाले. आमच्या गावात ज्याच्याकडे ऊस नाही, त्याच्याकडे ऑर्किडचं पॉलिहाउस असतंच, आणि दोन जातींचा संकर करून नवं फूल काढायचं वेड तर न्हाव्यापासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना आहे. मग त्या फुलांना बरंवाईट म्हणायला कुणीतरी लागतं.

चुआ काकांच्या खिशात राहून मी ही परीक्षा शिकले. फूल गोल हवं. पाकळ्या एकमेकींवर चढलेल्या हव्यात. मधे फट दिसली की त्याला म्हणायचं खिडकी, आणि खिडकी दिसली की गुण कापायचे. फूल सपाट हवं, मागे वळलेलं नको. पांढऱ्यातही भानगडी, कुणी पांढरं निळ्याकडे झुकतं, कुणी पिवळ्याकडे. दांड्यावर फुलांच्या दोन ओळी नीट बसायला हव्यात, कुणी कुणाच्या डोक्यावर नको. हे सगळं डोळ्यांनी ठरतं. त्यावर तिघे परीक्षक अर्धा अर्धा तास भांडतात, आणि शेवटी दमले की म्हणतात, "बरं, पट्टी काढा."

मग मी. फुलाला हात लावायचा नाही, पाकळी दाबायची नाही, फूल जसं आहे तसंच मोजायचं. काका श्वास रोखायचे आणि मला पाकळ्यांपुढे अगदी केसाच्या अंतरावर धरायचे. तेवढ्यात दोरीपलीकडे फुलाचे मालक काय करतात, ते बघण्यासारखं असतं. कुणी छताकडे बघतो, कुणी मोबाइलमध्ये नसलेला निरोप वाचतो. नवरा-बायको असले तर त्या पाच मिनिटांत एकमेकांशी बोलत नाहीत. मला नेहमी नवल वाटायचं. शंभरातले आकारमानाचे गुण जेमतेम दहा, मग एवढ्या माणसांचा जीव माझ्या रेघांवर का टांगलेला? बहुतेक बाकीच्या गुणांवर वाद घालता येतो आणि माझ्याशी घालता येत नाही, म्हणून असेल.

आता काकांच्या खोडीबद्दल. फूल मोजून झालं की ते मला उलटी करायचे आणि कुंडीतल्या शेवाळात खुपसायचे, पाणी जास्त झालंय का बघायला. आमच्याकडे ऑर्किड मातीत नाही, शेवाळात लावतात. बोट घातलं तर नखात घाण जाते ना! ओल्या शेवाळात जाऊन जाऊन माझं टोक काळं पडलं, त्याच्या दशा निघाल्या, तिथल्या बारीक रेघाही पुसल्या गेल्या. काकांना मळकी वस्तू खपत नाही. दर प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ते चाकू घेऊन माझी कड साफ करायचे. नखाएवढी कातरण टेबलावर पडायची, ते ती फुंकून टाकायचे. दहा वर्षांत माझे दोन मिलिमीटर असे फुंकरीने उडून गेले. शून्य गेला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला कळत होतं, पण पट्टीला कोण विचारतो?

सहा वर्षांपूर्वी काकांच्या जिवलग मित्राने, खो थिआमने, आपलं पांढरं फूल प्रदर्शनात आणलं. थिआम म्हणजे तोंडात कायम सुपारी आणि आवाज देवळाच्या नगाऱ्याचा. त्या वर्षी मात्र तो गप्प गप्प होता. त्याची बायको गिओकलान हिवाळ्यात वारली होती आणि फुलाला त्याने तिचंच नाव दिलं होतं. काकांनी मला धरलं. माझ्यावर चौदा आले. एवढं मोठं पांढरं फूल जिल्ह्यात कुणी पाहिलं नव्हतं. सुवर्णपदक मिळालं, विक्रम लिहिला गेला, थिआम सगळ्यांसमोर रडला. मीही त्या दिवशी भाव खाऊन घेतला. काकांनी मला शेवाळात खुपसणं बंद केलं, चाकू लावणं बंद केलं, मऊ कापडात गुंडाळून खिशात ठेवू लागले. चौदा मोजणारी पट्टी ना मी!

खरं म्हणजे ते फूल तेरा पूर्णांक आठ होतं.

गेल्या वसंतात मंडळाने सगळ्या परीक्षकांना स्टीलच्या नव्या पट्ट्या वाटल्या. त्यांचा शून्य कडेपासून आत, ठसठशीत. काका कुरकुरले, पण नियम तो नियम. मी सवयीने खिशात राहिले, एवढंच.

त्या दिवशी टेबलावर बी-चूचं फूल आलं. बी-चू चाळिशीची बाई, आईबरोबर छोटं पॉलिहाउस चालवते. तिने थिआमच्याच झाडाचा संकर दुसऱ्या एका झाडाशी केला होता. बारा वर्षं ती हा उद्योग करतेय. रोपं वाढवायची, पहिलं फूल यायची वाट बघायची, मनासारखं नसलं की उपटून टाकायची. हजारो टाकली आणि हे एक ठेवलं. तिन्ही परीक्षकांना एकही खिडकी सापडली नाही. ओठ, म्हणजे मधली बारकी पाकळी, तो कसा, रंग कसा, सगळं वा वा झालं. मोठ्या पांढऱ्या फुलांच्या गटात सुवर्णपदकाला मात्र एक अट आहे, आधीच्या विक्रमाला गाठलं पाहिजे. काकांनी नवी पट्टी धरली. तेरा पूर्णांक नऊ.

"एका मिलिमीटरने गेलं की हो," दातांच्या डॉक्टर असलेल्या परीक्षकबाई हळहळल्या. "रौप्य लिहू या."

दोरीपलीकडून बी-चू म्हणाली, "काका, परत मोजता का?"

"तीनदा मोजलं, पोरी."

"थिआम काकांच्या झाडाचा फुटवा माझ्याकडे आहे. दोन्ही झाडं मी शेजारी शेजारी ठेवते. दरवर्षी लेकीचं फूल आईपेक्षा मोठं येतं. माझ्या डोळ्यांना दिसतं ते."

"फूल आहे ते. एखाद्या वर्षी मोठं येतं, एखाद्या वर्षी लहान."

"मला पदकाचं एवढं काही..." तिने दोरी घट्ट धरली. "नाही, खोटं कशाला बोलू? हवंय मला पदक. बारा वर्षं आई म्हणतेय, लोक भाजी लावतात आणि तू फुलं उपटतेस. आणि हे फूल उद्या उतरायला लागेल. कडेला बघा, पाकळी सुकतेय. मग कुणाला काय दाखवू?"

काकांचा हात आपोआप खिशाकडे गेला. का गेला, मला अजून कळलेलं नाही. काट्यावर बसलेल्या माणसाच्या हाताला एक शंका असते म्हणतात. ते पाण्याच्या पिंपामागे गेले, मला कापडातून काढलं आणि नव्या पट्टीला लावलं. वीसची रेघ वीसच्या रेघेवर ठेवली आणि दुसरं टोक बघितलं. मला लाज वाटली. काकांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, परत खिशात टाका, कुणी बघितलेलं नाही. पिंपामागे आम्ही दोघंच होतो. त्यांना हवं असतं तर ते सहज दडपता आलं असतं.

काका बाहेर आले आणि दोन्ही पट्ट्या टेबलावर ठेवल्या. "माझी जुनी पट्टी दोन मिलिमीटर कमी आहे," ते म्हणाले. "म्हणजे गेल्या काही वर्षांत हिने मोजलेलं प्रत्येक फूल दोन मिलिमीटर जास्त भरलंय. चाकूने मीच कापली हिला, आणि थिआमच्या फुलानंतर चाकू लावलेला नाही. सहा वर्षांपूर्वीचे चौदा, ते चौदा नव्हते. तेरा पूर्णांक आठ होते. वहीत तसं लिहा." एवढं बोलून त्यांनी छातीवरचा परीक्षकाचा बिल्ला काढला आणि माझ्या शेजारी ठेवला.

मागून नगारा वाजला. थिआम तिथेच उभा होता. "काय म्हणालास?"

"ऐकलंस ना तू."

"परत म्हण! गावासमोर म्हण! जिवंत होती तेव्हा तिच्या हातचं खाल्लंस, आणि मेल्यावर तिचं फूल कापतोस?"

"फूल नाही रे कापलं. पट्टी कापली मी. चूक माझी आहे, तिची नाही."

"एकतीस वर्षं काटा, काटा करून आमचे कान किटवलेस, आणि खिशात ही असली पट्टी!" थिआमने सुपारी थुंकली, तीही दारातच. "माझ्या घरी पाऊल टाकू नकोस." आणि तो गेला.

दातांच्या डॉक्टरबाईंनी वही ओढली, जुना आकडा खोडला, नवा लिहिला आणि बी-चूच्या फुलापुढे सुवर्ण लिहिलं. मग बिल्ला काकांच्या हातात कोंबला. "लावा तो आधी. अजून शंभरावर फुलं बाकी आहेत, आणि रुसायला वेळ नाही कुणाला." बी-चू दोरीला धरून ओक्साबोक्शी रडत होती. काकांनी बिल्ला लावला आणि पुढचं फूल मोजायला घेतलं.

एकोणीस दिवस थिआम चहाला आला नाही. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदाच झालं. काका दोन कप मांडायचे आणि एक तसाच आत न्यायचे. विसाव्या दिवशी तो दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

"ती पट्टी दे."

"कशाला?"

"दे म्हटलं ना."

काकांनी दिली. थिआमने मला घरी नेलं. भिंतीवर गिओकलानचा फोटो होता आणि त्याखाली चौकटीत मंडळाचं प्रमाणपत्र. त्याने शिवणाच्या डब्यातली तिची टेप काढली आणि मला तिच्याशेजारी धरून बराच वेळ बघत बसला. मग चौकट उघडली आणि पेनाने चौदा खोडून तेरा पूर्णांक आठ केले. अक्षर वाकडंतिकडं आलं. फोटोकडे बघून म्हणाला, "झालं का समाधान? जन्मभर म्हणायचीस, मला उगाच मोठं करू नका." एवढा मोठा आवाज, पण शेवटचे शब्द मला नीट ऐकूही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो काकांकडे चहाला गेला. मला मात्र परत दिलं नाही.

तेव्हापासून मी इथेच, थिआमच्या टेबलावर. मोजायला घेतो तेव्हा एकच्या रेघेपासून मोजतो आणि एक वजा करतो. आता चूक व्हायची नाही.

या माघात गिओकलानच्या झाडाला पुन्हा बहर आला. एका सकाळी त्याने चष्मा लावला आणि मला धरलं. वजाबाकी केली. पुन्हा धरलं. तिसऱ्यांदा धरलं तेव्हा तो खाली बसला. चौदा. खरेखुरे, माझ्यात काही कमी नसलेले चौदा. प्रदर्शन पाच दिवसांवर होतं.

मी वाट बघत होते की आता तो काकांना फोन करणार, गाव गोळा करणार. त्याने कात्री घेतली, अख्खा दांडा कापला आणि फोटोपुढच्या फुलदाणीत ठेवला. कापलेलं फूल परीक्षेला चालत नाही. हे आमच्या गावात शेंबडं पोरही जाणतं.

संध्याकाळी काका आले. फुलदाणीपुढे थांबले आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. पण एवढी वर्षं मोजलेल्या डोळ्यांना पट्टी लागत नाही. त्यांनी फुलाकडे पाहिलं, मग थिआमकडे.

"थिआम, हे तर..."

"चहा घे," थिआम म्हणाला. "पोरीचा विक्रम लगेच कशाला मोडायचा? तिचं पदक वर्षाचं तरी होऊ दे."

काकांनी चहा घेतला. त्या दिवशी त्यांनी वजनकाट्याची गोष्ट सांगितली नाही.

माणसं माझ्याकडून एक एक मिलिमीटर भांडून घेतात, आणि तीच माणसं असा दांडाच्या दांडा कापून गप्प बसतात. हे कुठल्या रेघेवर मोजायचं, मला ठाऊक नाही. मी आता म्हातारी झाले आहे, फार काही मागत नाही. तुमची कधी होउबीला फेरी झालीच, तर बी-चूकडे जा, तिचं पदक बघा आणि मनापासून वा म्हणा. ते तिचंच आहे. फक्त मी आज जे बोलले, ते तिच्या कानावर घालू नका.