दोन बोटांची फट

"ओळंबा वाकडा आहे," गवंडी म्हणाला.

मुकादमकाकांनी भिंतीच्या माथ्यावरून सोडलेली दोरी स्थिर लोंबत होती. वर ती विटेला टेकली होती आणि खाली, दोरी आणि वीट यांच्यात, दोन बोटं आरामात जातील एवढी फट होती. आता ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. ते सरळ खालीच जाणार, त्याला दुसरं येतंच काय? शाळेच्या त्या अर्धवट खोलीत जो तो आपापल्या कामाकडे बघायला लागला. कोपऱ्यातला फरशीवाला तेवढा पुटपुटला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

गवंड्याची बायको माल कालवत होती. तिने फावडं थांबवून फरशीवाल्याकडे असं काही पाहिलं, की त्याने मान खाली घातली ती वर काढलीच नाही.

चौतीस वर्षांचा हा गवंडी. याच्या डोळ्याचा दबदबा एवढा, की भिंतीच्या टोकाशी उभा राहून एक डोळा मिटायचा, बघायचा आणि सांगायचा, "सहाव्या थराला पोट आलंय." मग दोरी सोडून बघावं तर खरंच आलेलं असायचं. स्वतः तो ओळंबा लावायचा नाही. तो इतरांसाठी, असं म्हणायचा. माज होता म्हणा ना. पण साजेसा होता.

चार महिन्यांपूर्वी छताचा गिलावा करताना आठ दिवस मान वर होती. मान दुखली, त्याने तेल चोळलं. मग उचक्या लागल्या, त्या दोन दिवस थांबेनात. बायको हसून म्हणाली, "कोण एवढी आठवण काढतंय तुमची, कळू दे तरी." तिसऱ्या सकाळी तो अंथरुणातून उठला तो डावीकडे कोसळला. पाण्याचा घोट गिळता येईना, आवाज घोगरा झाला, आणि उजव्या हाताला चहाचा कप गरम की गार ते कळेना. ते हसणं बायकोला अजून टोचत होतं.

"मानेतली रक्तवाहिनी आतून फाटली," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. "तिथं गुठळी झाली नि मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. तरुण माणसांना असा झटका क्वचित येतो, म्हणून पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. चालाल, बोलाल. सरळ-तिरकं ओळखायला मात्र वेळ लागेल."

त्याला वाटलं, त्या चालण्याबद्दल बोलतायत. चालणं तर सुधारलं होतं. मग भीती कसली? आजची भिंत ही परीक्षा होती, ती पार पडली की काम परत हातात. आणि त्याने ती नेहमीसारखीच उभारली, डोळ्याने.

"हे बघ," मुकादमकाका हळू आवाजात म्हणाले, "सामानाच्या खोलीवर राखणीला बस. खुर्ची आहे, सावली आहे. तुला कोण नाव ठेवणार आहे?"

"खुर्चीवर बसायला मी म्हातारा झालोय का काका?"

तो भिंतीच्या टोकाशी गेला. एक डोळा मिटला. भिंत सरळ होती, त्याच्या जिवाची शपथ, सरळ होती. दोरी तिरकी होती. त्याने दाराच्या चौकटीकडे पाहिलं. तीही तिरकी. खिडकी तिरकी, काका तिरके, फावडं धरून उभी असलेली बायकोसुद्धा तिरकी. सगळं जग एका बाजूला कललेलं आणि आपली भिंत तेवढी बरोबर, असं कधी झालंय का? डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते त्याला आत्ता कळलं.

चुकलेली भिंत ज्याची त्यानेच उतरवायची, हा त्याचाच नियम. किती जणांना त्याने तो लावला होता. त्याने वरची वीट उचलली, माल खरवडला, वीट बाजूला ठेवली. फरशीवाला ओशाळून मदतीला आला.

"राहू दे," गवंडी म्हणाला. "माझी आहे."

बायको जागची हलली नाही. तिला रडू येत होतं, पण त्याहून जास्त अभिमान वाटत होता. विटा उतरवणारा हा माणूस आपला आहे, हे सगळ्यांनी बघावं असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याने काकांकडून ओळंबा मागून घेतला. प्रत्येक थराला दोरी सोडायची, थांबायचं, वीट ठोकायची. डोळा म्हणायचा डावीकडे, दोरी म्हणायची उजवीकडे. दर विटेला हात चुकीचं काहीतरी केल्यासारखा बिचकायचा. तरी त्याने दोरीचं ऐकलं. एवढं तर त्याने कधी बायकोचंही ऐकलं नव्हतं, आणि तसं तिने दुपारी बोलूनही दाखवलं. जिथे अर्धा दिवस लागायचा तिथे पूर्ण दिवस गेला.

संध्याकाळी काकांनी दोरी सोडली. वरपासून खालपर्यंत नखही जाईना. फरशीवाल्याने स्वतः वाकून खात्री केली.

"उद्या पलीकडची धर," काका म्हणाले, आणि दोरी गुंडाळून ओळंबा गवंड्याच्याच पिशवीत टाकला.

सगळे गेल्यावर बायको भिंतीपाशी आली. "तुम्हाला कशी दिसते?"

त्याने एक डोळा मिटून पाहिलं.

"अंगावर येतेय असं वाटतं."

"मग?"

"मग काय? सरळ आहे," तो म्हणाला, आणि थापी धुवायला बसला.