टाकी रिकामी होईपर्यंत

दाताच्या डॉक्टरांना बायकोने निर्वाणीचं सांगितलं होतं, "उद्या आईला घाटापलीकडे बुद्धिबळाच्या फायनलला वेळेवर पोचवलंस तर ठीक. उशीर झाला तर ही गाडी विकायची. तू रडलास तरी."

गाडी दिसायला चारचौघींसारखीच होती. पण तिच्या इंजिनात डॉक्टरांनी इतका जीव ओतला होता, की पेशंटची दाढ भरतानाही त्यांचं अर्धं मन बॉनेटखाली असे. तिला दोन खुराक चालत, साधं पेट्रोल किंवा इथेनॉलचं कडक मिश्रण. पेट्रोलवर ती शहाण्यासारखी वागे, इथेनॉलवर उधळे. खुराक बदलला की डॅशबोर्डवरची कळ फिरवून इंजिनाला तसं कळवायचं. पथ्य एकच, दोन्ही खुराक पोटात एकत्र होता कामा नयेत. पहिला संपवायचा, मग दुसरा भरायचा.

इथेनॉल फक्त त्यांच्या शहरात मिळे. टाकीत होतं ते घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पंपापर्यंत बरोबर संपेल, तिथे पेट्रोल भरू, असा डॉक्टरांचा चोख हिशेब होता.

हिशेबात त्यांनी सासूबाई धरल्या नव्हत्या.

शेजारी सासूबाई बसलेल्या म्हणून डॉक्टरांनी गाडी अशी हाकली, जणू मागच्या सीटवर अंडी ठेवलीत. अदब इतकी पाळली, की पायथ्याचा पंप आला तरी टाकीत बरंच इथेनॉल शिल्लक. घाट ओलांडायला कमी, पेट्रोल भरायला जास्त. पलीकडे पंप नाही.

"काय झालं, जावईबापू?"

"आई, इंधन संपत नाहीये."

"लोकांचं उलटं असतं."

"संपवावं लागेल. घट्ट धरून बसा."

पंपासमोर मोठा गोल चौक होता. डॉक्टरांनी दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. गाडीने अशी डरकाळी फोडली, की पंपावरच्या माणसाच्या हातातली नळी सुटली. एक फेरी. दुसरी फेरी. सासूबाईंचा अंबाडा खिडकीकडे झुकला, मग तिथेच राहिला. तिसऱ्या फेरीला त्या हसल्या. पाचव्या फेरीला म्हणाल्या, "अहो, हे आधी का नाही दाखवलंत? पाच वर्षं नुसते घरात बसून पेपर वाचताय माझ्यासमोर!"

लोकांना वाटलं, पुढचा रस्ता बंद असणार, नाहीतर एवढा सभ्य माणूस गोल का फिरेल? एक टेंपो मागे लागला. मग ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, मग पावाची व्हॅन. वाहतूक हवालदार धावत आला आणि डॉक्टरांच्या खिडकीशेजारून पळू लागला.

"काय चाललंय?"

"टाकी रिकामी करतोय," सासूबाई म्हणाल्या.

"कशाला?"

"भरायला."

हवालदाराने पळता पळता विचार केला. विचार आणि पळणं एकदम जमेना, म्हणून तो थांबला आणि शिट्टी वाजवून मागच्यांना शिस्तीत फिरवू लागला.

शेवटी गाडीने उचकी दिली, आणखी एक दिली, आणि पंपाच्या बरोब्बर विरुद्ध टोकाला मान टाकली. ड्रायव्हिंग स्कूलचे शिक्षक, टेंपोवाला आणि पाववाला यांनी धक्का दिला. सासूबाई आत बसून "हां, जोर लावा!" म्हणत होत्या.

पेट्रोल भरलं. डॉक्टर घाटाला लागले. पहिल्याच चढावर गाडी काळा धूर ओकत अडखळू लागली.

"आई, संपलं सगळं. इंजिन गेलं."

"त्या कळीचं काय ते मघाशी सांगत होतात, ती फिरवलीत?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. इंजिन बिचारं अजून इथेनॉलच्या मापाने पेट्रोल ढोसत होतं. कळ फिरवली, बाजूला थांबून बुडालेले प्लग काढून पुसले, आपला इस्त्रीचा शर्ट काळा केला आणि निघाले.

सभागृहात पोचले तेव्हा सासूबाईंचं घड्याळ पटाशेजारी केव्हापासून एकटंच चालत होतं. समोर गेल्या वर्षी त्यांना हरवलेले निवृत्त न्यायाधीश, निकाल लागल्यासारखे बसलेले. सासूबाई विसकटलेल्या अंबाड्यासकट बसल्या आणि पत्ते टाकावेत तसे मोहरे भराभर टाकू लागल्या. विचार करायला वेळच नव्हता, आणि त्यांना तो नकोही होता. न्यायाधीश वजीर वाचवत असताना इकडे राजा गेला.

बाहेर डॉक्टर गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते. मयताला आल्यासारखे. सासूबाई बाहेर आल्या, तोच त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो मोठ्या आवाजावर टाकला.

"आई, वेळेवर पोचलीस?"

डॉक्टरांनी डोळे मिटले.

"नाही गं. चांगला उशीर झाला. जिंकले मात्र."

"वा! पण उशीर तो उशीर. मी त्याला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस ना? मग शब्द पाळ. विकून टाक गाडी."

डॉक्टरांच्या तोंडून भूल न देता दाढ उपटल्यासारखा आवाज निघाला.

"मला विक," सासूबाई म्हणाल्या.

पलीकडून प्रश्न आला, "आई, तू शेवटची गाडी कधी चालवलीस?"

"जावईबापू शिकवतील. शेजारी बसतील." त्यांनी फोन ठेवला, किल्लीसाठी हात पुढे केला आणि डॉक्टरांकडे करड्या नजरेने पाहिलं. "आणि माझ्या गाडीवरचा हात काढा. पॉलिश खराब होतंय."