दूध आणि अननस

केतकीच्या मानेवरचा डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा सुनंदाला ती टूथपेस्ट वाटली. शाळेची वेळ झाली होती, मुलगी वेणी घालून घ्यायला पुढ्यात बसली होती, आणि डाव्या कानाखाली बोराएवढा पांढरा ठिपका होता. सुनंदाने पदराचं टोक ओलं करून पुसलं. मग जरा जोराने पुसलं.

"आई, लागतंय," केतकी म्हणाली.

भोवतीची कातडी लाल झाली, ठिपका तसाच राहिला. सुनंदाने वेणी सैल घातली, कान झाकला जाईल अशी, आणि मुलीला दाराबाहेर काढलं. आतून सासूबाईंचा आवाज आला, "आज एवढा वेळ का लागला गं वेणीला?"

"गुंता झाला होता, माई," सुनंदा म्हणाली.

खरं तर तो ठिपका कशाने आला ते तिला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं.

सुनंदाचा नवरा गुरुदत्त अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होता आणि चौघांचा संसार क्वार्टर्समध्ये सुखात चालला होता. नियम मात्र माईंचे. त्यांचे वडील वैद्यकी करायचे, त्यामुळे या घरात फळ आणि दूध कधी एका ताटात आलं नव्हतं. शिकरण व्हायची नाही. पेरू खाल्लेल्या पोरीला त्या दिवशी संध्याकाळचं दूध मिळायचं नाही. "आंबट आणि दूध यांची पोटात गाठ पडली की दूध नासतं," माई सांगायच्या. "ते नासलेलं रक्तात उतरतं आणि एक दिवस कातडीवर फुटतं." बोलताना त्या कुणाकडे बघत नसत.

सुनंदाचं माहेर उल्हासनगरचं, चार नंबर कॅम्पातलं. आजूबाजूला सगळी सिंधी घरं. तिथे लहानपणापासून तिने काय वाटेल ते खाल्लं होतं आणि काही झालं नव्हतं. शनिवारी शाळा लवकर सुटली की ती केतकीला घेऊन आईकडे जायची आणि येताना बाजारातल्या ज्यूसवाल्याकडे थांबायची. उंच ग्लासात घट्ट थंड दूध, त्यात अननस, द्राक्षं, चिकू, वरून लाल सरबताची धार. केतकी चमच्याने तळ खरवडून खायची. "आजीला नाही हं सांगायचं," सुनंदा तिचं तोंड पुसत म्हणायची. त्या चोरून खाण्यात तिला स्वतःलाही मजा येत होती.

आता ती मजा तिच्या अंगावर काट्यासारखी उभी राहिली.

तिने शनिवारचं माहेर बंद केलं. मग केतकीचं दूध बंद केलं, मग फळं, मग दही, मग लिंबाचं लोणचं. मुलगी रोज आंघोळीला गेली की ती दाराची कडी लावू द्यायची नाही. आत जाऊन पाठ, पोट, गुडघे, बोटांच्या बेचक्या बघायची. पलीकडच्या इमारतीतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न पावलावरच्या डागावरून मोडलं होतं. तेव्हा सुनंदा चार बायकांत उभी राहून हळहळली होती. त्या बायका आता केतकीच्या मानेकडे बघतील, असं तिला वाटे. ती डागावर पावडर लावू लागली. घामाने पावडर उतरली की डाग आणखी मोठा दिसे. की खरंच मोठा होत होता? ती रोज आपलं बोट त्यावर ठेवून मापायची आणि आदल्या दिवशी कुठपर्यंत होता ते तिला आठवायचं नाही.

केतकी वाळली. नऊ वर्षांच्या पोरीच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. गुरुदत्तने विचारलं तेव्हा सुनंदा म्हणाली, "कृमी झालेत."

शेवटी मैत्रिणीकडे जाते असं सांगून ती केतकीला घेऊन बदलापूरला गेली. तिथल्या शिरगावात दिनानाथ नावाचे वृद्ध वैद्य होते. त्यांनी मान पाहिली, नाडी पाहिली, आणि खाण्यापिण्याचं विचारलं. केतकीला बाहेर बाकावर बसवून सुनंदाने सगळं सांगितलं.

"दूध आणि आंबट फळ हा विरुद्ध आहार खराच," वैद्य म्हणाले. "शास्त्रात कुष्ठाच्या कारणांत त्याचा उल्लेख आहे. पण बाई, शास्त्रात कातडीच्या बहुतेक रोगांना कुष्ठच म्हणतात. घाबरू नका. आठवड्यातून एकदा खाल्ल्याने एवढं व्हावं, असं मला वाटत नाही. कातडीच्या डॉक्टरला दाखवा. आणि पोरीला जेवायला घाला."

सुनंदाला त्यातला एकच शब्द ऐकू आला, कुष्ठ. स्टँडकडे चालताना तो तिच्या कानात घुमत राहिला. केतकीने तिचा हात धरला होता, तो तिला गार लागला. बोटं बधिर झाली की काय, म्हणून ती दर थोड्या वेळाने त्यांना चिमटा काढून पाहत होती.

"दुखतंय का?"

"हो. आई, असं का करतेस?"

घरी आल्यावर केतकी दमून कॉटवर आडवी झाली आणि तिला झोप लागली. सुनंदा चहा टाकून बाहेर आली तर माई कॉटशी वाकून उभ्या होत्या. वेणी बाजूला सरली होती. माईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

सुनंदाला हुंदका आवरेना. ज्यूसवाला, अननस, दोन वर्षांचे शनिवार, तिने भडाभडा सगळं ओकून टाकलं. "माझ्यामुळे झालं, माई. तुम्ही सांगत होतात."

आता माई बोलतील, गुरुदत्तला बोलावतील, कदाचित माहेरी पाठवतील, या भीतीने ती मान खाली घालून उभी राहिली. माईंनी आतल्या खोलीत जाऊन तिला बोलावलं आणि दार लोटलं. मग त्यांनी चोळी वर सारली. डाव्या बरगडीखाली, कमरेपर्यंत, वीतभर पांढरा पट्टा होता.

"बारा-तेरा वर्षांची होते," माई म्हणाल्या. "फणसाचे गरे खाल्ले आणि वर दूध प्यायले. नंतर हे उठलं. वडील म्हणाले, तू स्वतःच्या हाताने ओढवून घेतलंस. लपवून लग्न लावलं. ह्यांना कळलं तेव्हा ते मला काही बोलले नाहीत. पण पुढे आयुष्यभर खोलीत दिवा लावू दिला नाही." त्या पलंगावर बसल्या. "गुरू झाला तेव्हा मी रोज त्याचं अंग तपासायची. आता पोरीला आलं. हे अननसाचं नाही गं. हे माझं आहे."

दोघी जणी एकाच डागावर आपापला हक्क सांगत होत्या, हे सुनंदाला पुष्कळ उशिरा जाणवलं. त्या क्षणी तिला फक्त इतकंच कळलं की माई थरथरताहेत. ती त्यांच्या शेजारी बसली.

रात्री जेवताना माईंनीच गुरुदत्तला सांगितलं. तो म्हणाला, "उद्या रजा टाकतो."

कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी डागावर निळा दिवा धरून पाहिलं. कोडच होतं. "हात लावल्याने होत नाही, खाल्ल्याने होत नाही. कधी घराण्यात असतं, पुष्कळदा नसतंही," त्या म्हणाल्या. "पसरेल की थांबेल ते मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. मलम लावा. हिचं वजन मात्र फार कमी आहे, ते कशाने?"

त्या दिवसापासून केतकी पुन्हा पोटभर जेवू लागली. सुनंदाची भीती गेली नाही. ती फक्त ओळखीची झाली. दिवाळीनंतर कोपरावर दुसरा ठिपका आला. शाळेत कुणीतरी केतकीच्या बाकावर बसायला नकार दिला. ती रडत घरी आली आणि दप्तर टाकून सरळ आजीसमोर जाऊन उभी राहिली.

"आई म्हणाली, तुलाही आहे. मला बघायचाय."

माईंनी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदा उठून खिडकी लावायला गेली.

"राहू दे उघडी," माई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर बाजूला केला.

केतकीने तो पट्टा वरपासून खालपर्यंत बोटाने चाचपला. "वाढतोय का अजून?"

"मी पाहिलंच नाही कितीतरी वर्षांत," माई म्हणाल्या. "तूच बघून सांग."