पाचर वहिनीकडे असते

मित्रांनो, घाबरू नका, जरा जवळ या. मी एक जुनी कुऱ्हाड आहे, आणि तुम्ही पाहताच आहात, मला दांडा नाही. मी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. माझा दांडा दारामागे उभा असतो. आणि आम्हा दोघांना घट्ट धरणारी लोखंडी पाचर असते बटणांच्या डब्यात. एका कुऱ्हाडीची अशी तीन ठिकाणी वाटणी का झाली, तेच आज सांगते.

माझा जन्मच मुळी मारामारीत झाला. लोहाराने मला विस्तवात तापवलं, ऐरणीवर आडवं केलं आणि मी लाल होते तोवर घणाने हाणलं. काळी पडले की पुन्हा विस्तव, पुन्हा घण. शेवटी पाण्यात बुडवलं तेव्हा मी किंचाळले, तेवढंच काय ते माझं रडणं. लोहार माझ्याकडे बघून म्हणाला, "चांगली निघाली. हिला राग आहे." तो कौतुकाने म्हणाला. मीही बरीच वर्षं ते कौतुकच समजत होते.

मला घेऊन गेला तो जळाऊ लाकडाच्या वखारीचा म्हातारा मालक. त्याने मला दांडा बसवला, दांड्याच्या टोकाला चीर पाडून तिच्यात पाचर ठोकली आणि मला दोन्ही मुलांसमोर सुनेच्या हातात दिलं.

"फोडतील हे दोघे," म्हातारा म्हणाला, "पण सांभाळायची तू. थंडीत हवा कोरडी होते, दांडा आकसतो, पातं डुगडुगतं. म्हणून काम संपलं की रोज हिला बादलीत उभी करायची, डोकं खाली. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि पातं धरून ठेवतं. विसरलीस तर कुणाचा जीव जाईल ते सांगता येत नाही."

ती थोरल्या मुलाची बायको. धाकटा तिला वहिनी म्हणायचा, गिऱ्हाइकं वहिनी म्हणायची, म्हणून मीही वहिनीच म्हणते. रोज संध्याकाळी मला बादलीत सोडताना ती म्हणायची, "प्या बाईसाहेब. दिवसभर सगळ्यांना चावलात, आता घसा ओला करा." ती कधीच विसरली नाही. कधीच नाही, हे लक्षात ठेवा.

झाडांची पानं गळून संपली आणि सकाळी पिंपातल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरू लागला की आमचा हंगाम सुरू व्हायचा. घरोघरी चुली पेटवायच्या असायच्या, अंघोळीचं पाणी तापवायचं असायचं. बेकरीवाल्याची भट्टी तर सदा हावरटासारखी तोंड वासून. फाटकाशी बायका टोपल्या घेऊन उभ्या राहायच्या. तोंडातून वाफा निघायच्या आणि वाफांबरोबर अख्ख्या गल्लीच्या बातम्या. त्या उबेच्या मुळाशी काय असतं, ते मला विचारा. थोरला मला उजव्या खांद्यावरून मागे न्यायचा, क्षणभर मी त्याच्या पाठीशी लटकायचे, आणि मग खाली. ओंडका कण्हायचा आणि फाटायचा. गाठ लागली की मी आत अडकायचे. मग तो ओंडक्यासकट मला उचलून आपटायचा, गाठीचं हाड मोडेपर्यंत. एका ढलपीने त्याची भुवई फाडली, दुसरीने धाकट्याच्या नडगीचं मांस नेलं. खोटं कशाला बोलू, मला ते सगळं आवडायचं.

आणि हिवाळ्यातल्या मोठ्या सणाची सकाळ तर माझीच असायची. हंगामातला सर्वांत गाठाळ बुंधा त्या दिवसासाठी राखलेला असे. माणसं नवे कपडे घालून, पोरं खांद्यावर घेऊन वखारीत जमायची. थोरला बुंधा फोडायचा आणि लोक मोठ्याने घाव मोजायचे. एका वर्षी तो अठरा घावांत फुटला तेव्हा बेकरीवाला ओरडला, "अरे, याला कुणी जेवायला बोलावू नका, टेबल फोडेल!" त्याच लाकडावर मग सणाचं जेवण शिजायचं.

म्हातारा एका उन्हाळ्यात गेला. पानगळ लागली आणि धाकट्याने लाकूड फोडायचं मशीन आणलं. ओंडका ठेवायचा, दांडी ओढायची, कर्रर्र, दोन तुकडे. त्याने ते नेमकं म्हाताऱ्याच्या जागी, लाकूड फोडायच्या ठोकळ्याच्या जागी उभं केलं. ठोकळा भिंतीकडे ढकलून दिला.

"दादा, तुझा एक फुटेपर्यंत माझे दहा होतात," तो म्हणाला. "वर चहाही पिऊन होतो."

"तुझं तोंड फोडायला किती वेळ लागतो, तेवढं मोज," थोरला म्हणाला.

मोजायला वेळच मिळाला नाही. थोरल्याची मूठ बसली आणि धाकट्याचा पुढचा दात ढलप्यांत जाऊन पडला. धाकट्याने हाती आलं ते लाकूड उचललं आणि थोरल्याच्या कानशिलात हाणलं. मग दोघे चिखलात लोळले. केस उपटले, चावे घेतले, एकमेकांचं डोकं जमिनीवर आपटलं. एकाच आईचं दूध प्यालेली ती दोन माणसं, पण मी गाठीलासुद्धा इतक्या रागाने कधी चावले नव्हते. शेवटी वहिनीने बादली आणून दोघांवर ओतली. माझीच बादली, बर्फाच्या तुकड्यांसकट.

मग स्वयंपाकघरात एकाच्या मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि दुसऱ्याच्या कानाला शेक. त्या कानाने थोरल्याला पुढे नीट ऐकू आलं नाही.

"बाबांनी मला एक कुऱ्हाड सांभाळायला दिली होती," वहिनी म्हणाली. "तीन आहेत, हे सांगितलं नव्हतं."

दोघांपैकी कुणीही हसलं नाही.

त्या दिवसापासून थोरला म्हणू लागला, "एक दिवस मी त्याचं डोकं मधोमध फोडीन." रागात माणसं असं बरंच काही बोलतात. पण वहिनीच्या लक्षात वेगळीच गोष्ट आली. सगळं लाकूड आता मशीन फोडत होतं, मला दिवसच्या दिवस काम नव्हतं, आणि थोरला मात्र रोज संध्याकाळी मला दगडावर घासत बसायचा.

"अहो, आज किती फोडलं?" तिने एकदा विचारलं.

"काही नाही. सगळं मशीननेच."

"मग धार कशाला?"

"सवय."

"सवय लाकडाची होती ना?"

त्याने अंगठ्याने माझी धार पाहिली आणि पुन्हा घासू लागला.

दुसऱ्या दिवशी वहिनीने मला हातात घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तुला लपवलं तर हे सुरी घेतील. सुरी काही सैल करता येत नाही." तेव्हा मला काही कळलं नाही. तिने मला बादलीत सोडलं नाही, चुलीशेजारी उभं केलं. त्यानंतर रोज तिथेच. सणापर्यंत सहा दिवस मला पाण्याचा थेंब मिळाला नाही. माझा दांडा वाळत गेला, आतल्या आत आकसला. पाचर होती तोवर मी कशीबशी टिकून होते. मला वाटलं, वहिनीही शेवटी मला विसरली. बोलता येत असतं तर मी तिला नाही नाही ते बोलले असते.

सणाची सकाळ आली. बुंधा तयार होता, माणसं जमली होती. थोरला मला घेऊन बाहेर आला, आणि तो फाटकाशी पोचेपर्यंत धाकट्याने दोघा गिऱ्हाइकांच्या मदतीने बुंधा मशीनवर चढवला होता. दांडी ओढली. कर्रर्र. लोकांनी "एक!" म्हणून आरोळी ठोकली आणि पुढे मोजायला काही उरलंच नाही.

टाळ्या पडल्या. बेकरीवाला थोरल्याला म्हणाला, "मग काय थोरल्या, उद्यापासून माझ्याकडे पाव भाजायला ये!" सगळे हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण माझ्या दांड्यावर थोरल्याची बोटं कशी आवळली ते फक्त मला माहीत आहे.

तो घरात आला. मला दाराशी टेकवलं आणि मागे हात धुवायला गेला. वहिनीने त्याचा चेहरा पाहिला होता. तिने फडताळातून पकड काढली, मला मांडीत धरलं आणि पाचर उपसली. दोनदा पकड घसरली. तिसऱ्यांदा पाचर बाहेर आली. त्या चिरेत तिने मळलेल्या कणकेची गोळी दाबली, वरून बोटाने काजळी फासली. बघणाऱ्याला वाटावं, पाचर जागच्या जागी आहे. मला परत दाराशी ठेवून ती रस्सा ढवळायला लागली.

दुपारी टेबलाभोवती चौघे बसले. दोघे भाऊ, वहिनी आणि लोहारकाका, ज्यांनी मला घडवलं. ते दरवर्षी सणाला यायचे. पातेलं वाफाळत होतं. थोरला घासही न घेता बसला होता. धाकट्याला मात्र विजय चढला होता.

"खरं सांगू का काका," तो पाव मोडत म्हणाला, "आज बाबा असते ना, तर त्यांनी मशीनच्याच पाठीवर थाप मारली असती."

थोरल्याची खुर्ची मागे पडली. तीन पावलांत त्याने मला उचललं. काका ओरडले. वहिनी धावली, त्याचा हात धरायला, आणि तिथेच ती चुकली. ती त्याच्या मागे गेली.

त्याने मला उजव्या खांद्यावरून मागे नेलं, जसं बुंध्यासाठी न्यायचा तसं, सगळ्या जोराने. कणकेने काय धरून ठेवायचं? मी दांड्यातून सुटले आणि मागे उडाले. रिकामा दांडा धाकट्याच्या कपाळावर बसला. कातडी भुवईपासून केसांपर्यंत फाटली आणि रक्त पातेल्यात पडलं. पण डोकं जागेवर राहिलं. मी त्या दांड्यावर असते, तर आज तुमच्यासमोर तोंड वर केलं नसतं.

आणि मी? मी वहिनीच्या उजव्या खांद्यावर आदळले. धारेने नाही, पाठीने. लाकडाचे सगळे आवाज मला माहीत होते. हा आवाज ओल्या, कोवळ्या फांदीचा होता.

जिने मला रोज पाणी पाजलं, तिला मी मोडलं.

थोरला हातातल्या दांड्याकडे बघत राहिला. मग मागे वळला आणि त्याला ती दिसली. "अगं," एवढंच तो म्हणाला. "अगं..."

"उभा काय राहिलास, दादा, उचल तिला!" धाकटा ओरडला. त्याच्या डोळ्यांत रक्त होतं, आणि तोही चाचपडत तिच्याकडेच निघाला होता.

काकांनी मला जमिनीवरून उचललं. माझ्या भोकातून अंगठा फिरवला. अंगठ्याला काळी कणीक लागली. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. ती वेदनेने पांढरी पडली होती, तरी तिनेही त्यांच्याकडे सरळ पाहिलं. काकांनी अंगठा पँटला पुसला.

"दांडा वाळला होता," ते म्हणाले. "पाचर निसटली. थंडीत होतं असं."

मग सगळं खापर माझ्यावर फुटलं. जुनी झालेली, दगाबाज, घरबुडवी. गल्लीने मला मिळतील तेवढ्या शिव्या दिल्या आणि थोरल्याने मला लाकडांच्या ढिगामागे भिरकावलं. तिथे मी वर्षभर गंजले. पावसात, उन्हात, पालापाचोळ्यात. मित्रांनो, दोष नसताना बोलणी खाणं फार कठीण असतं. पण जगात दोघीच होतो आम्ही, खरं काय ते जाणणाऱ्या, आणि काका तिसरे. मी तोंड मिटून पडले.

वहिनीचं हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना. तिला स्वतःचे केस विंचरता येईनात. थोरला विंचरायचा. कंगवा कुऱ्हाडीसारखा धरायचा, गाठ आली की घाबरून थांबायचा. ती म्हणायची, "ओढा हो, फुटणार नाही मी."

पुढच्या पानगळीत एक भलता गाठाळ ओंडका मशीनमध्ये अडकला. धाकटा दाराशी आला. आत नाही, दाराशीच. कपाळावर तो पांढरा वण.

"दादा," तो म्हणाला, "गाठ आहे. मशीनला जात नाही."

थोरल्याने ढिगामागून मला शोधून काढलं. गंज घासला, दांडा घातला. मग तो टेबलाखाली रांगत पाचर शोधू लागला. फटींतून सुरी घातली, कोपरे झाडले.

"तिथे नाही ती," वहिनी म्हणाली. डाव्या हाताने तिने बटणांचा डबा टेबलावर ठेवला आणि उघडला.

थोरल्याने पाचर उजेडात धरली. दोन्ही बाजूंना पकडीचे दात उमटले होते. आपोआप निसटलेल्या पाचरीवर असे दात नसतात. तो खाली बसला.

"केव्हा काढलीस?"

"तुम्ही हात धुवायला गेला होतात तेव्हा."

चुलीतलं लाकूड तडतडलं.

"मी मारलंच असतं त्याला," तो म्हणाला.

"हो," वहिनी म्हणाली.

"आणि तुझा हात..."

"तेवढं माझं चुकलं. मागे उभं राहायला नको होतं."

त्याने पाचर ठोकली, बाहेर जाऊन बावीस घावांत ती गाठ फोडली. कुणी मोजलं नाही, मी मोजलं. परत आल्यावर स्वतःच पकड घेऊन पाचर उपसली आणि डब्यात टाकली.

"तुझ्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "मी मागितली की आधी माझ्या तोंडाकडे बघ."

तेव्हापासून आमच्या घरी असंच चालतं. धाकटा आता जेवायला येतो, पण अजूनही थोरल्याकडे पाठ करून बसत नाही. ते काही एका हिवाळ्यात जाणार नाही.

मित्रांनो, घरातल्या हत्यारांची काळजी घ्या. गंज घासा, धार लावा, थंडीत आठवणीने पाणी पाजा. तहानलेल्या लाकडाचा भरवसा नसतो. पण तुमच्या अंगात जो राग आहे, त्याची पाचर एकट्याने जवळ बाळगू नका. तुमचं तोंड बघून "आज नाही" म्हणू शकेल असं कुणीतरी शोधा, आणि ते माणूस तसं म्हणालं तर ऐका.

आज सकाळीच थोरल्याने हात पुढे केला. बाहेर कडाक्याची थंडी होती, फाटकाशी बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. वहिनीने चुलीवरून मान वळवली, त्याच्याकडे पाहिलं.

"आज नाही," ती म्हणाली.

त्याने हात मागे घेतला, झाडू उचलला आणि ढलप्या गोळा करायला बाहेर गेला. मी खिळ्यावर लटकत राहिले. धार होती मला, मित्रांनो, चांगली लखलखीत. तरी बरं वाटलं.