कलशातला करंट

गुरुवारी संध्याकाळी कारखान्याची दिवसपाळी सुटली की सायकली घराकडे न वळता सामुदायिक भवनाकडे वळत. चपला दाराबाहेर काढायच्या, पाय धुऊन ओल्या गोणपाटावर बसायचे आणि समोरच्या तांब्याच्या कलशावर हात ठेवायचा. पलीकडे लाकडी चौरंगावर नीळकंठ महाराज डोळे मिटून बसलेले असत. ते "शक्ती, उतर" म्हणाले की वरचा लाल दिवा कोणी हात न लावता लागे आणि भक्ताच्या बोटांत झिणझिण्या सुरू होत. सात अंक मोजून होईतो दिवा विझे आणि झिणझिण्याही थांबत.

"कारखाने का करंट मारता है," महाराज सांगत, "मेरा करंट तारता है. पण ज्याच्या मनात शंका, त्याला काही मिळणार नाही."

हे मात्र खरे ठरे. शंकेखोराने हात ठेवला की त्याला काहीच जाणवत नसे.

साल १९९४. विजेची यंत्रे बनवणाऱ्या भोपाळमधल्या या सरकारी कारखान्याच्या वसाहतीत फोरमन, फिटर, वायरमन राहत. विजेवर ज्यांची पोटे भरत होती, तीच माणसे रांगेत उभी होती.

रांगेत गजानन देवपुजारीही होते. तीस वर्षे त्यांनी मोटारींचे वाइंडिंग केले होते. निवृत्तीनंतर वर्षभरात पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. रक्तदाबाची गोळी रोज घ्या, चुकवू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. महाराजांनी सात बैठका सांगितल्या आणि गोळी बंद करायला लावली.

"बाबा, गोळी का सोडली?" मुलगी सुचेता विचारी. ती वसाहतीजवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वायरिंग आणि कंट्रोल पॅनेल शिकवत असे.

"एका मोटारीला दोन सप्लाय देतात का? तूच सांग."

"तुम्ही मोटार नाही."

"मोटारीत ओल शिरली की आम्ही काय करायचो? वाइंडिंगमधून थोडा थोडा करंट सोडायचो. ओल जायची, मोटार फिरायची. माझी तार तुटलेली नाही, सुचे. नुसती ओल आहे."

आई लीलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्यांच्याशी वाद घालू नकोस. मी डाळीत गोळी कुटून घातली, तर ताट सरकवून उठले."

पाचव्या बैठकीला सुचेता वडिलांबरोबर गेली. आधी तिने स्वतः कलशावर हात ठेवला. काहीच झाले नाही.

"मन साफ नहीं है, बेटी," महाराज म्हणाले. रांगेत हशा पिकला.

मग वडील बसले. दिवा लागला. "आल्या, मुंग्या आल्या," ते पुटपुटले.

"बाबा, हात काढा," म्हणत सुचेताने पर्समधला टेस्टर कलशाला टेकवला. टेस्टर पेटला. दिवा विझला तसा टेस्टरही विझला.

महाराज उठताच तिने त्यांच्याखालचे मृगाजिन, म्हणजे हरणाचे कातडे, उचलले. त्यांचा गुडघा टेके तिथे एक बटण होते. तिथून निघालेली तार पडद्यामागच्या पत्र्याच्या पेटीत गेली होती. सुचेताने पेटी सर्वांसमोर उघडली आणि वर्गात सांगावे तसे सांगितले. बटण एकदा दाबले की कॉन्टॅक्टर, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, बटण सोडल्यावरही स्वतःला धरून ठेवतो. हा कंट्रोलचा पहिला धडा. दिवाही त्यावरच लागतो. टायमर सात सेकंदांनी सगळे तोडतो. फेजच्या तारेत करंट अडवणारा मोठा रेझिस्टर घातला आहे, म्हणून झटका न बसता झिणझिण्याच येतात. गोणपाट ओले, म्हणून करंट अंगातून जमिनीत जातो. महाराज लाकडावर बसतात. शंका घेणारा आला की ते बटण दाबत नाहीत.

बोलता बोलता ती थांबली. पेटीतली प्रत्येक तार दोऱ्याने गुंफून काटकोनात वळवली होती, दोन्ही टोकांना नंबर होते. अशी पेटी बांधायला ती स्वतः शिकवत असे.

रांग लावायला उभा असलेला प्रकाश खाली पाहत होता. तिच्या दोन वर्षांपूर्वीच्या तुकडीत तो पहिला आला होता.

"हे तू केलंस?"

"भरती बंद आहे, मॅडम. घरी बसून काय करू? रेझिस्टर मी बराबर हिशोबाने टाकलाय. कोणी मरणार नाही."

"आणि जो गोळ्या सोडेल तो?"

"ते माझ्या सर्किटमध्ये नाही, मॅडम."

महाराज गडबडले नाहीत. "बिजली भी तो देवी है," ते शांतपणे म्हणाले. निम्मी रांग चपला शोधू लागली. निम्मी जागची हलली नाही. शेजारच्या कमलिनीबाई म्हणाल्या, "पेटी असेल गं. पण गुण येतोय ना?"

घरी येईपर्यंत गजाननराव खुशीत आले होते.

"बघ, करंटच निघाला. मी पहिल्यापासून काय म्हणतोय? महाराज ढोंगी असेल, करंट तर खरा आहे."

सुचेता खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "बाबा, तुमच्या हातात बिघाड नाहीच. मोटार ठीक आहे. तिला चालवणारं पॅनेल जळलंय, इथे, डोक्यात. मोटारीला कितीही करंट द्या, जळलेलं पॅनेल चालू होईल का? आणि प्रेशर वाढलं तर उरलेलंही जळेल. गोळी त्यासाठी आहे."

त्यांनी डाव्या हाताने आपले कपाळ चाचपले. आयुष्यभर कुणी त्यांच्या भाषेत त्यांना चूक दाखवली की ते ती अशीच तपासून पाहत.

"पॅनेल," ते म्हणाले. "हे डॉक्टर का बोलला नाही?"

"मग आता घ्या गोळी."

"बैठका संपल्या की घेतो. दोनच राहिल्यात. सुरू केलेलं काम अर्धवट सोडत नाही मी."

सुचेताने विनवले, रागावून पाहिले. लीलाबाई पाण्याचा पेला घेऊन उभ्या राहिल्या. गजाननरावांनी ओठ मिटून घेतले. शहाण्यासुरत्या माणसाचे तोंड जबरदस्तीने उघडता येत नाही.

सहावी बैठक झाली. पुढच्या मंगळवारी सकाळी दाढी करताना ते कोसळले. आता डावी बाजूही गेली आणि वाचाही. वसाहतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दाब मोजला आणि एवढेच विचारले, "गोळी कधीपासून बंद होती?"

त्या गुरुवारीही भवनासमोर सायकली होत्या.

वाचकहो, पेटी उघडणे सोपे होते. त्याला एक टेस्टर पुरला. अंगात मुंग्या आल्या म्हणजे आजार बरा होत आला, ही समजूत मात्र पेटीबरोबर उघडी पडत नाही. आपल्या कामात हुशार असलेला माणूस दुसऱ्याच्या कामातही आपलेच नियम लावतो आणि त्यालाच अनुभव म्हणतो. तुमच्या घरी कुणी औषध बंद करायला सांगितले, तर ज्याने ते सुरू केले त्या डॉक्टरकडे जाऊन विचारा. त्याच दिवशी विचारा. राहिलेल्या बैठका संपण्याची वाट पाहू नका.