लंडनचा भाव

देशातून चोरून बाहेर जाणारा पैसा मोजायची एक सोपी रीत आहे. माल इथून कितीला गेला ते कस्टमच्या कागदावर बघायचं, तिथं कितीला विकला गेला ते विचारायचं, दोन्हींतल्या फरकातून भाडं-कमिशन वजा करायचं. उरलं ते परदेशातच मुक्कामाला राहिलं. बारामतीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बुद्धघोषनं ही रीत द्राक्षांना लावली, आणि त्याची झोप गेली.

कारण निर्यातदार होता रविराज. अंथुर्ण्यात बुद्धघोषच्या वडिलांची, साहेबरावांची, तयार बाग त्याच्याच गाडीची वाट बघत उभी होती. काढणी मंगळवारी. सोमवारी कॉलेजात द्राक्ष निर्यातीवर चर्चासत्र, त्यात बुद्धघोषचा निबंध, प्रमुख पाहुणा रविराज. मांडवाचा आणि जेवणाचा खर्चही त्याचाच.

"माल उतरू दे, मग वाच," साहेबराव म्हणाले.

"तारीख माझ्या हातात नाही, आबा."

"बागंच्या तरी कुठं हाय?"

बुद्धघोषनं नाव गाळून निबंध वाचला. एका निर्यातदाराची पेटी कागदावर दोनशेला जाते, लंडनमध्ये चारशेला विकली जाते. खर्च जाऊन पेटीमागं ऐंशी रुपये तिकडंच राहतात. बागायतदाराला पैसे मात्र कागदावरच्या भावानं. वाचताना तो सारखा पाणी पीत होता.

रविराज शांत होता. पण दुसऱ्याचा भाव आपल्याहून चढा ऐकून गप बसायची आमच्या भागात पद्धत नाही. तो माईकपाशी आला.

"कोण हा निर्यातदार, मला ठाऊक न्हाय. पण चारशे हा काय भाव झाला? आमची पेटी लंडनात साडेचारशेच्या खाली कधी विकली न्हाय."

टाळ्या पडल्या नाहीत. मांडवातले बागायतदार मनातल्या मनात वजाबाकी करत होते.

साहेबराव उठले. "मग रविराजराव, उद्याच्या मालाला किती धरू?"

"ते पावतीवर येईल की, आबा."

"पावती आधी धाडा. मग कात्री लावू."

मंगळवारी गाडी आली नाही. बुद्धघोष बांधावरून रस्त्यावर आणि रस्त्यावरून बांधावर फेऱ्या मारत राहिला. "बस की घटकाभर," आई रंगुबाई म्हणाली. तो बसला, लगेच उठला. उन्हं चढली तशी मण्यांतली साखरही; फार पिकलेला माल बोटीच्या प्रवासात टिकत नाही.

बुधवारी गाडी शेजारच्या बागेत शिरली. साहेबरावांनी ती पाहिली, तंबाखू थुंकली आणि पुण्याच्या बाजारासाठी टेम्पो सांगितला. तिथं निम्मा भाव.

"आबा, माझ्यामुळं..."

"तुझ्यामुळं कशाला? तोंड मी उघडलं. ही कात्री घे. देठाला धर, मण्याला हात लावू नगं."

पहिलाच घड त्याच्या हातून सुटून मातीत पडला. रंगुबाईनं तो उचलला, फुंकला आणि वेगळ्या पाटीत ठेवला.