समोरच्या दाराचं कुलूप

मी दाराचं भिंग बोलतोय. हो, तेच, बेल वाजली की तुम्ही ज्याला गुपचूप डोळा लावता. मला ना हात ना पाय. आहे तो एकच डोळा, आणि त्यातून माणूस कसा दिसतो ठाऊक आहे ना? नाक हे एवढं फुगलेलं, कान मागे पळालेले. चांगला देवमाणूससुद्धा माझ्यातून पाहिलात तर भामटा वाटतो. मग मी संशयी झालो यात माझं काय चुकलं, सांगा बरं!

कुठल्याशा कारखान्यात पितळेच्या नळीत काचा बसवून मला घडवलं. तिथून आलो तो तुमच्यापासून समुद्रापलीकडे, वुडलँड्स नावाच्या वस्तीतल्या एका जुन्या ब्लॉकमध्ये, लिम अंकलच्या दारात. अंकल फुकट कॅलेंडर वाटणाऱ्यालाही दार उघडायचे नाहीत. संशयाची बाराखडी मी त्यांच्याकडेच गिरवली. पुढे ते लेकाकडे, शहराच्या दुसऱ्या भागात, हौगांगला गेले आणि फ्लॅट भाड्याने दिला.

भाडेकरू आले मराठी. विलासराव जहाजावर इंजिनिअर, वर्षातले निम्मे दिवस समुद्रावर. घरात त्यांची बायको सुमित्राबाई आणि शाळेत जाणारी अनुजा. सुमित्राबाईंनी मला जितकं राबवलं तितकं अंकलनीही नव्हतं. बेल वाजायची गरजच नाही. कॉरिडॉरमध्ये चप्पल वाजली रे वाजली की काजळ घातलेला डोळा माझ्यावर हजर. "कोण मेलं आता या वेळेला?"

"आई, सो केपो लाह तू!" अनुजा ओरडायची. केपो म्हणजे इथल्या बोलीत दुसऱ्याच्या घरात नाक खुपसणारी. पण बाईंना त्याचं काही नव्हतं. एकटी बाई पोरीला घेऊन परमुलखात राहते, तिने डोळ्यांत तेल घालूनच राहायला हवं, असं त्यांचं म्हणणं. मला ते सोळा आणे पटायचं.

दोन हजार सतरा साली समोरच्या घरात एक अफगाण जोडपं राहायला आलं. नवरा नजीब, त्याच्या थोरल्या भावाच्या गालिच्यांच्या दुकानात कामाला. या भावाला सगळे भाईजान म्हणत. सकाळी भाईजानची गाडी खाली यायची, नजीब निघायचा आणि जाता जाता जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप घालायचा. बायको आत!

"अगं बाई गं! कोंडून ठेवतो की हिला!" सुमित्राबाईंचा श्वास माझ्या काचेवर आला. माझ्याही मनात पाल चुकचुकली. नजीबचा तो फुगलेला चेहरा मी मनाशी नीट नोंदवून ठेवला.

आणि आठवडाभरात आम्ही दोघंही चाट पडलो. नवरा गेल्यावर थोड्या वेळाने जाळीतून एक गोरा हात बाहेर आला. त्यात किल्ली. हाताने कुलूप काढलं, डोक्यावर ओढणी घेतलेली एक तरुण बाई बाहेर आली, कुलूप पुन्हा होतं तसं लावलं आणि पिशवी सावरत झपझप लिफ्टकडे गेली.

"हिचं बाहेर काहीतरी प्रकरण आहे," सुमित्राबाईंनी लगेच निकाल दिला. इथे कुठेतरी पाणी मुरतंय हे मीही ओळखलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला कॉरिडॉरमध्येच गाठलं. ती बिचारी घाबरली, पण बाई हिंदीत बोलतात म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. आपल्याकडच्या मालिका पाहून तिला हिंदी छान यायचं. नाव शकीबा. काबूलला मुलींच्या शाळेत शिकवत होती. इथे इंग्रजीची परीक्षा देऊन दाखला मिळवला, तर परत गेल्यावर मोठ्या वर्गांना शिकवता येणार होतं. पण घरातल्या बाईने एकटीने क्लासला जाणं भाईजानना मंजूर नव्हतं. म्हणून हे कुलूप. त्यांना दाखवायला नवरा लावायचा, आणि किल्ली तोच हिला देऊन जायचा.

"म्हणजे नवरा सामील आहे?" सुमित्राबाईंनी कपाळावर हात मारला. त्यांचा संशय क्षणात वितळला. माझा नाही. नजीब अजूनही मला तसाच दिसत होता.

आणि मग घात झाला. एका दुपारी भाईजान अवचित वर आले. बेल दाबली, दार ठोठावलं, आतून हूं नाही की चूं नाही. शेजारी घरी नसला की आल्यागेल्याला त्याचा ठावठिकाणा सांगायचा आणि वर पाणी विचारायचं, ही आपल्या लोकांची जुनी खोड. भाईजानना कधी न पाहिलेल्या सुमित्राबाई दार उघडून हसतमुखाने म्हणाल्या, "शकीबा क्लास को गई है. चार बजे आएगी. पानी दूँ आपको?"

भाईजानचा चेहरा पांढराफटक पडला. "उसका नाम आपको किसने बताया?" एवढंच बोलले आणि पाणी न पिता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या जाळीला नवंकोरं, मुठीएवढं कुलूप आलं. किल्ली एकच, ती भाईजानच्या खिशात. सकाळी तेच लावायचे, संध्याकाळी तेच काढायचे. इतके दिवस जे नाटक होतं ते खरं झालं.

सुमित्राबाई जाळीशी जाऊन रडल्या. शकीबाने आतून त्यांचा हात धरला. "आमच्याकडे बाईचं नाव परक्यासमोर घेत नाहीत, दीदी. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा माझं नाव नव्हतं. अमक्याची मुलगी, एवढंच."

"आमच्या आजीच्या वेळी नवऱ्याचं नाव घेत नसत," सुमित्राबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुमच्याकडे बायकोचं! मी पोलिसांत जाते, थांब."

"नको. नजीबचा इथे राहायचा, काम करायचा पास भाईजानच्या दुकानावर आहे. तो गेला तर परीक्षेआधीच आम्हाला निघावं लागेल. परवाच आहे परीक्षा."

परीक्षेचा दिवस उजाडला. भाईजान कुलूप लावून नजीबला घेऊन गेले. सुमित्राबाई माझ्यापुढे नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. तेवढ्यात बेल वाजली. बाहेर नजीब! एकटा. कपाळावर घाम, डोळे लाल, मूठ आवळलेली. आला हा जाब विचारायला, मी म्हटलं. सगळं बिंग आमच्या बाईंनीच तर फोडलं होतं. बाई, उघडू नका!

बाईंचा डोळा माझ्यावर टेकला होता.

"दीदी," तो बाहेरून म्हणाला, "मी दुकानातून पळून आलोय. तुमचे साहेब जहाजावर असतात ना, घरात लोखंड कापायचं काही असेल? वेळ फार कमी आहे."

बाईंनी डोळा काढला आणि सरळ दार उघडलं. पलंगाखालची विलासरावांची हत्यारांची पेटी ओढली, करवत काढली आणि दोघं कुलपाला भिडले. एकाचा हात दुखला की दुसरा. आवाजाने कॉरिडॉरभर दारं उघडली. "चावी हरवली, आंटी, चावी!" सुमित्राबाई बिनदिक्कत थाप मारत होत्या. चार बिऱ्हाडांची माणसं गोळा झाली, त्यात परके पुरुषही होते.

कुलूप तुटलं. आणि नजीब, ज्याने या कॉरिडॉरमध्ये आजवर बायकोला कधी नावाने हाक मारली नव्हती, तो सगळ्यांदेखत मोठ्याने ओरडला, "शकीबा! चल, पेन घेतलंस का?"

ती दारात क्षणभर थबकलीच. मग हसली, आणि धावली.

नजीबची नोकरी गेली ती त्याच संध्याकाळी. नोकरीबरोबर पासही गेला, आणि महिन्याभरात दोघं काबूलला परतले. शकीबा पास झाली. तिथे मोठ्या मुलींना इंग्रजी शिकवते, असे निरोप सुमित्राबाईंना यायचे. बाई ते अनुजाला मोठ्याने वाचून दाखवायच्या, म्हणून मला कळायचे.

आता दोन हजार एकोणीस संपत आलंय. हल्ली निरोप कमी येतात. टीव्हीवर त्या देशाच्या भवितव्याची तिथल्या बंदूकवाल्यांशी बोलणी चालली आहेत असं सांगतात, आणि सुमित्राबाई आवाज वाढवून म्हणतात, "पण बायकांना कोणी विचारलंय का?" लिम अंकल उद्या दार बदलणार आहेत. नव्या दाराला कॅमेरा असेल, माझी रवानगी भंगारात. त्याचं मला फारसं दुःख नाही.

जाता जाता एवढंच सांगतो. जन्मभर मी येणाऱ्याजाणाऱ्यावर संशय घेतला आणि तो खरा ठरावा असंच मला वाटत आलं. आता मला एकच संशय आहे, की शकीबाच्या त्या शाळेलाच एक दिवस कोणीतरी बाहेरून कुलूप घालेल. एवढा एक संशय तरी, देवा, खोटा ठरू दे.